विसरण्याआधी वाट चुकते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आभासी वास्तवाचा हेडसेट डोळ्यांवर चढवून थोडा वेळ चालायला लावले की अल्झायमर होणार की नाही हे आधीच कळते, अशा आशयाचा मजकूर सध्या आरोग्य पुरवण्यांतून आणि त्याहून अधिक व्हॉट्सॲपवरून फिरतो आहे. स्मरणशक्तीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या ज्येष्ठांची मानसशास्त्रीय तपासणी करणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे 'ती चष्म्याची टेस्ट तुमच्याकडे होते का?' असे विचारणारे नातेवाईक अधूनमधून माझ्याकडेही येऊ लागले आहेत. ती आमच्याकडे होत नाही. तिच्यामागचे संशोधन मात्र खरे आहे आणि विचारपूर्वक केलेले आहे. त्यातून आपल्याला आजच्या आज, एक रुपयाही खर्च न करता उचलता येण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि फिरत्या मजकुरात नेमकी तीच गाळलेली दिसते. अल्झायमरमध्ये माणूस नावे, निरोप आणि तारखा ठळकपणे विसरू लागण्याच्या आधीपासून त्याचे दिशेचे भान ढळू लागलेले असू शकते. आपण मात्र घरी काय किंवा ओपीडीत काय, चौकशी करतो ती फक्त विसरण्याची. हे पत्र त्याविषयी आहे.

मूळ काम केंब्रिज विद्यापीठातील मज्जाविकारतज्ज्ञ डेनिस चॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे असून त्यात युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधील नील बर्जेस यांचाही वाटा आहे. २०१९ साली 'ब्रेन' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. ज्या अवस्थेला डॉक्टर 'एमसीआय' म्हणतात त्या अवस्थेतील ४५ रुग्ण आणि ४१ निरोगी व्यक्ती त्यात होत्या. एमसीआय म्हणजे तक्रार खरी आहे, चाचण्यांत थोडी घट दिसते, पण माणूस आपले व्यवहार अजून स्वतः सांभाळतो आहे, अशी मधली पायरी. या पायरीवरचे काही जण पुढे डिमेन्शियाकडे, म्हणजे रोजचे व्यवहारही जमेनासे करणाऱ्या स्मृतिभ्रंशाकडे, सरकतात, काही वर्षानुवर्षे तिथेच राहतात आणि काही तर सुधारतातही, कारण त्यांच्या विसरण्यामागे नैराश्य, थायरॉइड, अपुरी झोप किंवा चालू असलेली एखादी गोळी असते. समोर बसलेला माणूस यांतल्या कोणत्या वाटेवर आहे, हा आमच्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न असतो आणि केंब्रिजच्या चाचणीने हात घातला तो नेमका याच प्रश्नाला.

चाचणी प्रत्यक्षात अशी होते. हेडसेट घातला की समोर मोकळे, दूरवर पसरलेले मैदान दिसते. त्यात एक शंकू उभा असतो. रस्त्याचे काम चालू असताना ठेवतात तसा. त्याच्यापर्यंत चालत जायचे. तिथे पोचले की तो नाहीसा होतो आणि दुसरीकडे दुसरा दिसू लागतो, तिथून तिसरा. तिसऱ्यापाशी पोचल्यावर एकही शंकू उरत नाही आणि मग सांगितले जाते की, पहिला शंकू जिथे होता तिथे आता परत जा आणि पोचलो असे वाटले की हातातले बटण दाबा. काही फेऱ्यांत परत निघताना दूरच्या खुणा काढून घेतल्या जातात, काहींत पायाखालच्या जमिनीचा पोत पुसून टाकला जातो, म्हणजे डोळ्यांना धरून ठेवायला फारसे काही उरत नाही. शंकूची खरी जागा आणि माणूस जिथे थांबला ती जागा यांमधले अंतर, ही झाली चूक. वाचायचे नाही, लिहायचे नाही, कशाचे नाव सांगायचे नाही. खुर्चीत बसून जॉयस्टिक फिरवण्याचाही हा खेळ नव्हे. माणूस खोलीत स्वतःच्या पायांनी चालतो, वळतो आणि थांबतो. ही बाब महत्त्वाची आहे, कारण आपण किती पावले आलो आणि कोठे किती वळलो याचा हिशेब मेंदू पायांकडून, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेकडून आणि डोळ्यांपुढून सरकणाऱ्या दृश्याकडून मिळणाऱ्या माहितीवर मांडत असतो. रात्री अचानक वीज गेली तरी आपण पलंगापासून मोरीपर्यंत जाऊन परत येतो, ते याच हिशेबाच्या जोरावर.

हा हिशेब मांडण्यात मेंदूतल्या ज्या भागाचा मोठा वाटा आहे त्याचे नाव एन्टोरायनल कॉर्टेक्स. हिप्पोकॅम्पस या स्मरणाच्या केंद्राला लागूनच असलेला हा छोटासा पट्टा आहे. लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना १९७१ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या होत्या की उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशीच उद्दीपित व्हावी. पुढे २००५ साली नॉर्वेमध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाला एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये 'ग्रिड सेल' सापडल्या. प्राणी फिरत असताना त्यातली एकेक पेशी जिथे जिथे उद्दीपित होते ते बिंदू जमिनीवर मांडले तर षट्कोनी जाळी तयार होते, आणि या जाळीच्या आधारे मेंदू अंतर आणि दिशा मोजतो असे मानले जाते. या तिघांना २०१४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी 'मेंदूतला जीपीएस' असे मथळे दिल्याचे वाचकांना कदाचित आठवत असेल. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू शवविच्छेदनाच्या टेबलावरून आली. हायको आणि इव्हा ब्राक या जर्मन संशोधक दांपत्याने १९९१ साली दाखवून दिले की अल्झायमरमध्ये टाऊ या प्रथिनाच्या गुंतागुंतीच्या गाठी मेंदूत एका ठरावीक क्रमाने पसरतात आणि त्यांची सुरुवात एन्टोरायनल भागातच होते. हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा उरलेला बाह्यस्तर यांची पाळी नंतर येते. या दोन बाजू एकत्र ठेवल्या की केंब्रिजच्या चाचणीमागचा तर्क उघड होतो. आजार जिथे प्रथम उतरतो, तिथले जे खास काम तेच तपासायचे. स्मरणशक्तीच्या आमच्या नेहमीच्या चाचण्या बहुतांशी पुढच्या मुक्कामांची तपासणी करतात. पाणी डोक्यावरून जाऊ लागले की मग त्या बोलू लागतात.

निकालही तर्काला धरून आले. काही रुग्णांनी पाठीच्या मणक्यातले पाणी तपासायला संमती दिली होती. त्यांपैकी १२ जणांत अल्झायमरच्या रासायनिक खुणा सापडल्या आणि १४ जणांत सापडल्या नाहीत. बाहेरून पाहता दोन्ही गट एमसीआयचेच. पण ज्यांच्यात खुणा होत्या त्यांची परत येतानाची चूक स्पष्टपणे मोठी होती, आणि हा फरक ओळखण्यात ही चाचणी प्रचलित कागदी चाचण्यांपेक्षा सरस ठरली. एमआरआयमध्ये एन्टोरायनल कॉर्टेक्सचे आकारमान जितके कमी, तितकी चूक जास्त, असाही संबंध दिसला. इतका स्वच्छ निकाल आमच्या क्षेत्रात क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून त्याचे कौतुक झाले ते योग्यच झाले. तरीही १२ विरुद्ध १४ हे आकडे वाचकांनी लक्षात ठेवावेत. एका शहरातल्या स्मृती-चिकित्सालयांत आलेली, तपासणीला तयार झालेली ही मोजकी माणसे आहेत. एवढ्या संख्येवर चाचणीची दिशा कळते. एखाद्या विशिष्ट व्यक्तीचे भविष्य कळत नाही.

२०२४ साली चॅन यांच्याच गटाने, ते आता युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये असताना, आणखी एक पाऊल पुढे टाकले. यावेळी ४३ ते ६६ वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या १०० जणांची हीच तपासणी केली गेली. ज्यांना आनुवंशिक किंवा अन्य कारणांनी अल्झायमरचा धोका अधिक होता, त्यांच्या चुका जास्त होत्या. आणि मुख्य म्हणजे स्मरणशक्तीच्या इतर चाचण्यांत त्यांच्यात काहीही कमतरता दिसत नव्हती. व्हॉट्सॲपवरचा मजकूर बहुधा याच अभ्यासावरून तयार झाला असावा. पण 'धोका जास्त असलेल्या गटाची सरासरी चूक मोठी' आणि 'चूक मोठी असलेल्या माणसाला अल्झायमर होणार' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले संशोधकांनी केले आहे, दुसरे मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी. धोका असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही, आणि त्या १०० जणांपैकी पुढे कोणाला तो होतो हे कळायला वर्षे जावी लागतील.

आता आपल्याकडचा प्रश्न. दिशेचे भान माणसामाणसांत आणि समाजासमाजांत किती वेगवेगळे असते, याची कल्पना यावी म्हणून 'सी हीरो क्वेस्ट' या मोबाइल गेमचे उदाहरण देते. डॉइचे टेलिकॉम ही कंपनी, ब्रिटनमधील अल्झायमर्स रिसर्च यूके ही संस्था आणि ह्यूगो स्पायर्स, मायकेल हॉर्नबर्गर यांच्यासारखे संशोधक यांनी मिळून २०१६ साली तो आणला. नकाशा पाहून घ्यायचा आणि मग तो नजरेआड झाल्यावर समुद्रातून होडी हाकत ठरल्या ठिकाणी पोचायचे, असा खेळ. जगभरातून ४० लाखांहून अधिक लोकांनी तो खेळला. त्या माहितीच्या आधारे २०१९ मध्ये असे दिसले की अल्झायमरचा धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुक ज्यांच्यात आहे, ते स्मरणाच्या चाचणीत इतरांच्या बरोबरीचे असूनही खेळात लांबचे मार्ग घेतात. इथपर्यंत सगळे चॅन यांच्या निष्कर्षांना पूरक आहे. पण त्याच माहितीतून आणखीही गोष्टी बाहेर आल्या. देशाची आर्थिक स्थिती आणि तिथल्या लोकांची सरासरी कामगिरी यांचा संबंध आढळला. ज्या देशांत स्त्री-पुरुष विषमता जास्त, तिथे या खेळातही दोघांच्या कामगिरीतली दरी रुंद होती. २०२२ साली 'नेचर'मध्ये आलेल्या, ३८ देशांतल्या सुमारे चार लाख लोकांच्या विश्लेषणात असे दिसले की खेड्यात किंवा शहराबाहेर वाढलेली माणसे वाटा शोधण्यात सरासरीने उजवी असतात, आणि शिकागोसारख्या, रस्ते काटकोनात आखलेल्या शहरांत लहानपण गेलेली माणसे वेड्यावाकड्या मांडणीत मागे पडतात.

म्हणजे केंब्रिजच्या रहिवाशांवर बसवलेले 'नॉर्मल' आपल्या ज्येष्ठांना जसेच्या तसे लावता येणार नाही. कसबा पेठेच्या बोळांत वाढलेला माणूस, सेक्टर आणि प्लॉट क्रमांकांच्या नवी मुंबईत आयुष्य काढलेला माणूस आणि माणदेशात मेंढ्यांमागे फिरलेला माणूस यांच्याकडून एकाच मापाची अपेक्षा धरणे शास्त्राला धरून होणार नाही. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्या आपल्या स्त्रियांची. त्यांतल्या अनेकींचे घराबाहेर पडणे आयुष्यभर बाजार, देऊळ, माहेर अशा ठरलेल्या वाटांवर आणि बहुधा कोणाच्या तरी सोबतीने झाले. अनोळखी जागी एकटीने वाट काढण्याची वेळच ज्यांच्यावर आली नाही, त्यांना त्या मैदानात उभे करून चूक मोजली तर निघणारा आकडा आजाराचा असेल की आयुष्याचा, हे कोण ठरवणार? भारतात साठीपुढच्या लोकसंख्येत डिमेन्शियाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोक, असे 'लासी-डॅड' या राष्ट्रीय पाहणीतून निघाले आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात जास्त आढळले. ज्यांना निदानाची सर्वाधिक गरज आहे त्यांच्याच बाबतीत माप फसण्याची शक्यता सर्वाधिक, असा हा पेच आहे.

असे असूनही या चाचणीला मी हात झटकून मोकळी होणार नाही, आणि त्याचे कारण माझ्या टेबलावरच्या कागदांत आहे. जगभर वापरली जाणारी एमएमएसई ही स्मरण आणि विचारशक्तीची तीस गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात शंभरातून सात-सात वजा करत जायचे असते, एक वाक्य लिहायचे असते, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे असतात. चौथीनंतर शाळा सुटलेल्या आजींपुढे तो कागद आणि पेन्सिल ठेवली की पहिल्यांदा त्या माझ्याकडे पाहतात, मग सुनेकडे, आणि मग पेन्सिल हातात घेऊनही टेकवत नाहीत. गुण कमी पडतात ते कशामुळे, हे त्या कागदावरून सांगता येत नाही. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत शाळेचे तोंड न पाहिलेल्या ज्येष्ठांसाठी हिंदीत जी सुधारित चाचणी बसवली गेली ती या अडचणीपोटीच. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही अनेक भारतीय भाषांत चाचण्यांचा संच तयार केला. या पार्श्वभूमीवर अक्षरओळख न मागणारी, भाषेवर न अडणारी आणि पायांनी द्यायची परीक्षा ही आपल्या देशासाठी मोलाची गोष्ट ठरू शकते. फक्त तिची मापे आपल्या माणसांवर बसवावी लागतील. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सेंटर फॉर ब्रेन रिसर्च ही संस्था कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपुरा तालुक्याच्या खेड्यांत वार्धक्य आणि मेंदू यांचा दीर्घकालीन अभ्यास करीत आहे. अशा चाचणीची मापे बसवायची तर ती अशा ठिकाणी, तीच माणसे वर्षानुवर्षे पाहत बसवावी लागतील. आपल्या राज्यातही असा एखादा तालुका का असू नये, असे मला नेहमी वाटते.

दुसरीकडे, विरुद्ध टोकाचा अनुभवही आमच्या कामात येतो. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ तपासणीला आले होते. सात-सातची वजाबाकी त्यांनी माझे वाक्य पुरे होण्याआधी केली, तिन्ही शब्द आठवून सांगितले, पंचकोन तर पट्टी लावल्यासारखे काढले. त्यांचे गुण तीसपैकी तीस झाले. मध्येच ते स्वच्छतागृहात गेले. आमची खोली तिथून निघाले की उजवीकडे वळल्यावर दुसरी. ते डावीकडे वळले, मार्गिकेच्या टोकापर्यंत गेले आणि फिजिओथेरपीच्या दारात उभे राहिले. तिथल्या मुलीने परत आणून सोडले तेव्हा 'तुमच्या इथे सगळी दारे सारखीच आहेत हो' म्हणून ते हसले आणि पत्नीही हसल्या. एकदा असे कोणाचेही होईल. पण मी विचारल्यावर पत्नी हळूहळू सांगू लागल्या की हल्ली ते मंडईतून येताना भलत्याच दाराने बाहेर पडतात, मुलीच्या नव्या सोसायटीत आपली विंग त्यांना दर वेळी शोधावी लागते, आणि स्कूटर सोडून रिक्षाने जाऊ लागल्याचे कारण ते गुडघेदुखी सांगत असले तरी त्यांचे गुडघे दुखत नाहीत. यांतले काहीही त्यांच्या केस पेपरवर नव्हते, कारण कोणी विचारलेलेच नव्हते. कागदावर तीसपैकी तीस मिळवणारा सुशिक्षित माणूस पुष्कळदा असाच वर्षभर आमच्या हातून निसटतो.

हेडसेटच्या व्यावहारिक अडचणीही सांगायला हव्यात, कारण त्यांचा उल्लेख कुठे दिसत नाही. चष्म्यावर हेडसेट नीट बसत नाही. मोतीबिंदू असेल तर मैदान धूसर दिसते. ज्यांना आधीच चक्कर येण्याचा त्रास आहे त्यांना मळमळू लागते. कानातल्या तोलाच्या यंत्रणेतच बिघाड असेल तर वाट चुकेल ती त्या बिघाडामुळे, आणि ते एन्टोरायनल कॉर्टेक्सच्या खात्यावर जमा होईल. गुडघ्यांच्या संधिवाताने पाय उचलत नसलेल्या माणसाला डोळे झाकल्यागत चालायला लावणे म्हणजे पडण्याचा धोका. सोबत सतत एक माणूस हवा. यांतली एकही अडचण अशी नाही की तिच्यावर उपाय निघणार नाही. पण प्रशिक्षित माणूस, मोकळी खोली आणि आधी डोळे-कान तपासून घेण्याची शिस्त या गोष्टी हेडसेटच्या खोक्यात येत नाहीत.

माझी भीती अशी की आपल्याकडे ही चाचणी संशोधनाच्या दारातून येण्याआधी 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमधून येईल. मॉलमध्ये गेम खेळण्यासाठी मिळणारा हेडसेट आणि एक सॉफ्टवेअर असले की 'ब्रेन एज' सांगणारा रंगीत रिपोर्ट छापायला फार काही लागत नाही. पन्नाशीतल्या, धडधाकट माणसाच्या हातात लाल रंगाचा असा कागद पडला तर पुढे त्याने काय करायचे? लेकानेमॅब या अल्झायमरवरील औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, आणि लवकर निदानाची घाई वाढली ती बऱ्याच अंशी अशा औषधांमुळे, कारण ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी पडतात. सुमारे १८०० रुग्णांवरील दीड वर्षाच्या चाचणीत लेकानेमॅबने ऱ्हासाचा वेग २७ टक्क्यांनी कमी केला. ऱ्हास थांबला नाही, गेलेले परत आले नाही, आणि मेंदूला सूज येणे किंवा बारीक रक्तस्राव होणे हे धोके सांभाळण्यासाठी वारंवार एमआरआय करावा लागला. तक्रारच नसलेल्या माणसाला, नुसत्या चुकलेल्या शंकूवरून हे औषध कोणी देणार नाही, देऊही नये. टाऊ प्रथिनाचा एक प्रकार रक्तात मोजणाऱ्या चाचण्याही आता येत आहेत आणि अमेरिकेत २०२५ मध्ये अशा एका चाचणीला परवानगी मिळाली. माझ्या मते रक्ताची चाचणी आणि चालण्याची चाचणी यांत चुरस नाही: एकीने आजाराचे रसायन दिसते, दुसरीने मेंदूचे काम कितपत चालते ते दिसते, आणि डॉक्टरांना दोन्ही लागतील. पण दोन्हींच्या आधी बी-१२, थायरॉइड, ऐकू येणे, झोप, नैराश्य आणि चालू औषधे या साध्या गोष्टी पाहून घ्यायच्या असतात. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आढळते की ती न तपासता कोणाला हेडसेट घालणे हा पैशाचा अपव्यय होईल.

निदान लवकर झाल्यावर घरच्यांना आधार कोण देणार, हा प्रश्नही याच पैशाशी जोडलेला आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८१ कुटुंबांवर केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्थानिक, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन माहिती आणि मार्गदर्शन दिल्यावर रुग्णाची काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण कमी झाला. महागडे यंत्र त्यात काहीच नव्हते. लवकर निदानासाठी निधी मागणाऱ्यांनी त्याच अर्जात अशा घरभेटींसाठीही मागावा.

जाता जाता, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या डिसेंबर २०२४ च्या अंकातील अमेरिकेतल्या मृत्युनोंदींच्या अभ्यासावरून टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्यांत अल्झायमरने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वांत कमी असल्याचे प्रसिद्ध झाले होते, आणि त्यावरून 'मॅप बंद करा, अल्झायमर टाळा' असेही संदेश फिरले. तो अभ्यास नोंदींचा आहे. चालक झाल्यामुळे मेंदू टिकला, की ज्यांचे दिशेचे भान मुळात पक्के तेच या व्यवसायात टिकले, हे त्यावरून ठरत नाही. सकाळी चालायला जाताना रोज वेगळी वाट धरायला माझी हरकत नाही; त्यापासून फार अपेक्षा मात्र ठेवू नयेत.

आता मूळ मुद्दा. राज्यातील डॉक्टरांना, ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिरे घेणाऱ्या मंडळांना आणि घरोघरी जाणाऱ्या आशाताईंच्या प्रशिक्षकांना माझी विनंती आहे की 'विसरायला होते का?' या प्रश्नाखाली 'वाट चुकते का?' हा रकाना वाढवावा, आणि तो प्रश्न रुग्णाइतकाच घरच्यांना, शक्य तर वेगळे बसवून, विचारावा. आपल्याकडे याचे उत्तर सरळ येत नाही. शहरात 'ट्रॅफिक वाढला', 'सगळे रस्ते खोदून ठेवलेत' असे सांगितले जाते. कोकणात किंवा डोंगराकडच्या गावांत म्हातारा माणूस रोजच्या पाणंदीवरून भलतीकडे निघाला तर चकवा लागला म्हणून विषय मिटतो. आणि बाकी सगळ्यांसाठी 'साठी बुद्धी नाठी' आहेच. म्हणून प्रश्न घटनेला धरून विचारावा लागतो. लग्नाच्या कार्यालयात जेवणाच्या हॉलमधून परत आपल्या माणसांत येता आले का? नातेवाइकाच्या घरी रात्री उठल्यावर स्वच्छतागृह सापडले का? नेहमीच्या बसथांब्यावर समोरच्या बाजूला जाऊन उभे राहणे असे होते का? पूर्वी एकट्याने केलेला कोणता प्रवास अलीकडे टाळला जातो, आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे का?

आणि ज्यांच्या घरात असे काही घडू लागले आहे त्यांनी घाबरून हेडसेट शोधत फिरण्याऐवजी एका वहीत नोंद ठेवावी: तारीख, जागा रोजची होती की नवी, दिवस होता की रात्र, माणूस एकटा होता की सोबत कोणी होते, चूक स्वतःच्या लक्षात आली की दुसऱ्याने दाखवावी लागली, आणि परत वाटेवर यायला किती वेळ लागला. आयुष्यभर ज्यांना दिशा कळलीच नाही अशी माणसे प्रत्येक घरात असतात. त्यांची नोंद करण्याचे कारण नाही. पूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, एवढेच आम्हाला हवे असते. ती वही घेऊन आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि त्यांना वाटले तर मज्जाविकारतज्ज्ञांकडे. माझ्यासारखीच्या टेबलावर ती आली तर तपासणीची सुरुवात मी शंभरातून सात वजा करण्याऐवजी त्या वहीपासून करीन.

आपली नम्र,
एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, पुणे